आधीची गोष्ट

१५ जानेवारी २०१९. संक्रांत. डोंबिवलीहून सुटणाऱ्या आमच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात निम्म्याअधिक बायका काळ्या साड्यांत होत्या. तिळाच्या लाडवांचे डबे या बाकावरून त्या बाकावर फिरत होते आणि हातावर लाडू पडायच्या आत जी ती दुसरीला विचारत होती, "काल बघितलंस?" आदल्या रात्री साडेदहाला झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले'चं दुसरं पर्व सुरू झालं होतं.

पहिलं पर्व २०१६ च्या फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत चाललं. ते आम्ही सगळ्यांनी साधारण एकाच तऱ्हेनं पाहिलं होतं. दिवे मालवायचे, पाय वर घेऊन बसायचं आणि जाहिरात लागली की स्वयंपाकघरातून पाणी कुणी आणायचं यावरून वाद घालायचा. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला तो वाडा, त्याच्याभोवतीची गच्च झाडी आणि अण्णा नाईक नावाचा एक मेलेला माणूस. गोष्ट त्यांच्या मरणापासून सुरू व्हायची. गेलेल्या माणसाचा वचक घरात तसाच राहिलेला, मुलांमध्ये जमिनीवरून धुसफुस आणि रात्र पडली की कुठलंतरी दार आपोआप उघडतंय. मालिकेचं नाव सुधीर मोघ्यांच्या गाण्यावरून आलेलं. 'हा खेळ सावल्यांचा' या १९७६ च्या सिनेमातलं ते गाणं आमच्या आयांच्या पिढीला पाठ होतं, म्हणून नाव ऐकताच त्याही टीव्हीसमोर येऊन बसल्या. मालवणी बोली रोज रात्री घाटावरच्या घरांत शिरली. मालिकेतल्या पांडूचं 'इसारलंय' आमच्या डब्यातल्या साताऱ्या-सांगलीच्या बायकासुद्धा म्हणू लागल्या. मीही त्यांच्यातलीच, माझं सासर-माहेर दोन्ही साताऱ्याकडचं. कोकण तोवर मी दोनदा पाहिलं होतं, तेही गाडीच्या खिडकीतून.

सिंधुदुर्गात तेव्हा या मालिकेला विरोधही झाला. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असा आक्षेप होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन आणि त्या पाठोपाठ जादूटोणाविरोधी कायदा येऊन तेव्हा तीन वर्षंही पुरी झाली नव्हती. तो आक्षेप मला पटत होता आणि तरीही मी रोज साडेदहाला टीव्ही लावत होते. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे त्या पर्वाच्या शेवटी सगळ्यामागे माणसाचाच हात निघाला, तेव्हा डब्यात नाराजी पसरली. इतके महिने जीव मुठीत धरून बसलो आणि निघालं काय, तर माणूस, असा सूर होता.

दुसऱ्या पर्वानं पुढची गोष्ट सांगितलीच नाही. ते मागे गेलं. अण्णा नाईक जिवंत, घरचे कर्ते. माई त्यांची बायको, पण अजून सासू-आजी न झालेली. म्हणजे ज्याच्या मरणापासून आम्ही सुरुवात केली होती, त्याचं जगणं आता बघायचं होतं. संक्रांतीच्या सकाळी मतं पडली ती अशी: माधव अभ्यंकरांचे अण्णा बघताक्षणी बसले मनात, वाडा तोच आहे, बरं वाटलं, पण घाबरायला काही झालं नाही बाई. हे शेवटचं मत पुढचे कित्येक महिने डब्यात टिकून राहिलं. भूत कुठाय? घाबरायचं कशाला? अण्णा मरणार हे आपल्याला ठाऊकच आहे, मग गंमत काय राहिली?

माझंही तेच म्हणणं होतं, आणि ते मी अगदी ठासून मांडत असे. भयकथा म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक नसणं, असा माझा समज. रत्नाकर मतकरी, नारायण धारप वाचत वाढलेल्या माणसाचा असा समज असतोच. शेवटच्या वळणावर पोटात खड्डा पडला पाहिजे. इथे तर शेवट तीन वर्षांपूर्वीच सांगून झालेला.

आमच्या बाकावर कुडाळकडच्या एक काकी बसायच्या. वय पंचावन्नच्या पुढे. एका इस्पितळात आया होत्या, भायखळ्याला उतरायच्या. डोंबिवलीला बसल्या की मांडीवर ओढणीचा तुकडा पसरून भाजी निवडायला घ्यायच्या, आणि ठाणं गेलं की बहुतेक जुडी संपलेली असायची. मेथी निवडताना त्या देठाकडे बघतसुद्धा नसत. डाव्या हाताच्या चिमटीत काडी, उजव्या हाताचं बोट आणि अंगठा पानांच्या खालून वर सरकायचा, पानं ओंजळीत, काडी पिशवीत. त्यात एक लय होती. गाडीचे रूळ बदलले, कुणी अंगावर रेललं, पंखा बंद पडला, तरी ती लय मोडलेली मी पाहिली नव्हती. मालिकेबद्दल त्या फारसं बोलत नसत. बघतात हे मात्र माहीत होतं, कारण आमच्या मालवणीच्या चुका त्या न चुकता सुधारायच्या.

त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आदल्या रात्रीचा भाग कुणाचातरी चुकला होता म्हणून समोरच्या बाकावरच्या मुलीनं तो मोबाइलवर लावला. चार-पाच डोकी त्यावर वाकली. काकींना पडदा दिसत नव्हता, आणि त्यांनी मानही वळवली नव्हती. नुसता आवाज येत होता. घरातल्या बायकांचं काही बारीकसारीक बोलणं चाललं होतं, आणि मध्येच अण्णांचा आवाज आला. काय बोलले ते मला आज आठवत नाही. काही मोठं नव्हतं. पण माझी नजर तेव्हा काकींच्या हाताकडे होती. चिमटीत धरलेली मेथीची काडी तशीच राहिली. बोट पानांखाली टेकलेलं, पण वर सरकेना. तेवढ्यात गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली. तो बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून लांब. फास्ट गाड्या तेव्हा त्यातूनच जायच्या, आणि आत शिरलं की कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नसे. रेंज गेली, चित्र अडकलं. बाहेर उजेडात आलो तेव्हा ती मुलगी नेहमीसारखं म्हणाली, "काही म्हणा, पहिल्यासारखी भीती नाही वाटत."

काकी तिला म्हणाल्या, "भुताचो काय गो भिया? भूत काय रातीचा उठवन पेज गरम करूक सांगना नाय."

सगळ्या हसल्या. काकी हसल्या नाहीत. पुन्हा मेथी निवडू लागल्या, आणि थोड्या वेळानं, बहुधा मलाच उद्देशून म्हणाल्या, "आमचे मामंजी खळ्यात खोकले काय माजघरात आमचे हात थांबत."

त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मी विचारलंही नाही. पण त्या रात्री साडेदहाला मी भाग बघायला बसले तेव्हा वाड्याच्या अंधारात काही हलतंय का हे शोधणं सोडून दिलं, आणि अण्णा आत आल्यावर बाकीची माणसं काय करतात ते पाहू लागले. पांडू खांदे पाडून उभा राहतो. मुलं बोलता बोलता गप्प होतात. शकुंतला नरे यांची माई हातातलं काम सोडत नाही, पण तिची मान किंचित खाली जाते. एवढीशीच. रोज तीच मान रोज तेवढीच खाली जात होती, आणि मी चार महिने म्हणत होते की या पर्वात घाबरण्यासारखं काही नाही.

काकींनीच मला पुढे कधीतरी कौलाबद्दल सांगितलं. त्यांच्याकडे घरात एकापाठोपाठ एक काही वाईट घडू लागलं, म्हणजे गुरं दगावली, पोर आजारी पडलं, भावाभावांत कोर्टकचेरी लागली, की देवळात जाऊन कौल लावतात. देवाच्या अंगाला ठरलेल्या जागी तांदळाचे दाणे नाहीतर फुलांच्या कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि प्रसाद कुठल्या बाजूचा पडतो ते बघायचं. उजवीकडचा पडला की होय. लोक तिथे पुढे काय होईल हे विचारायला जातात असं मला वाटत होतं. काकी म्हणाल्या, तसं नाही. बहुतेक वेळा विचारतात ते मागे काय घडलं होतं. आजोबा-पणजोबांच्या काळात कुणाची जमीन खाल्ली? कुठल्या बाईला फसवलं? कुणाला उपाशी दारातून घालवलं? आज जो त्रास दिसतोय त्याचं मूळ कुठल्या जुन्या अन्यायात आहे, ते शोधायचं.

माझा कौलावर विश्वास नाही. पोर आजारी पडलं तर डॉक्टरकडेच न्यावं, आणि आधी न्यावं. पण ही प्रश्नाची दिशा माझ्या मनातून जाईना. आधी त्रास, मग त्याच्या आधीची गोष्ट. 'रात्रीस खेळ चाले' याच क्रमानं सांगितली गेली होती. २०१६ मध्ये वाड्यातला त्रास बघितला आणि २०१९ मध्ये मागे काय घडलं होतं ते बघायला बसलो. शेवट ठाऊक आहे ही तक्रार मग माझ्यापुरती मिटली. दशावताराला देवळाच्या आवारात रात्र जागवणाऱ्या माणसांना कुठल्या आख्यानाचा शेवट ठाऊक नसतो? राक्षस मरणार हे माहीत असतं. मरेपर्यंत तो काय काय करतो आणि त्याला कोण कोण करू देतं, हे बघायला लोक पहाटेपर्यंत बसतात. ज्या मातीतून खानोलकर आणि दळवी हे लेखक आले, त्या मातीतल्या गोष्टीतलं भय स्मशानात क्वचितच सापडतं. ते माजघरात असतं, देवघराशेजारी.

वच्छीबद्दल मात्र डब्यात दोन तट पडले होते. संजीवनी पाटील यांनी रंगवलेली ही अण्णांशी वैर धरलेली बाई काहींना अति वाटायची: सारखं काय ते शिव्याशाप देणं, डोळे वटारणं. मला ती या पर्वातली सगळ्यात खरी बाई वाटत आली. तिच्याजवळ पैसा नाही, माणसं नाहीत, कोर्टात जायचं बळ नाही. तिच्याजवळ तिचं तोंड आहे, आणि गावाला तळतळाटाची वाटणारी भीती आहे. एवढ्या भांडवलावर ती अण्णांसमोर उभी राहते. तळतळाट हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडे साताऱ्याला बांधावरून भांडणं व्हायची तेव्हा म्हाताऱ्या माणसांचा शेवटचा शब्द तोच असायचा: घ्या जमीन, पण तळतळाट घेऊ नका. ज्याला न्याय मिळण्याची कुठलीच वाट उरली नाही, त्याच्यासाठी राहिलेली ही शेवटची फिर्याद. भूत म्हणजे काय, असं मला कुणी आज विचारलं तर मी वच्छीकडे बोट दाखवीन. ती जिवंत असतानाच.

आणि शेवंता. तिच्याविषयी बोलल्याशिवाय या पर्वाविषयी बोलणं खोटं होईल. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता पडद्यावर आली आणि डब्यातलं बोलणं बदललं. तिची साडी, तिचा गजरा, तिचं मान वळवून बघणं. आमच्यातल्या दोघींनी तशा साड्या घेतल्या. ऑफिसातले पुरुष, जे पहिल्या पर्वात "बायकांची मालिका" म्हणायचे, ते आता अण्णा-शेवंताच्या नावानं एकमेकांना टाळ्या देऊ लागले. पुष्कळांचं मत असं की या प्रेमापायी भयकथा मागे पडली. पुष्कळांचं त्याच्या नेमकं उलट, की हेच तर बघायला आम्ही बसतो. मी कुठल्या बाजूची होते? शेवंता दिसली की मी हातातलं काम ठेवून बघायचे. इतकं देखणं, इतकं धीट माणूस त्या वाड्याच्या गोष्टीत दुसरं नव्हतंच. ती पाटणकरांची बायको आहे, अण्णा दुसऱ्याच्या घरात शिरलेत, स्वतःच्या घरात माई आहे, हे सगळं त्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यातून निघून जायचं.

डब्यात एकदा यावर वाद पेटला. धाकट्या मुलींपैकी एक तावातावानं म्हणाली, "माई निघून का जात नाही? मी असते तर एक दिवस राहिले नसते." तिला खूप जणींनी दुजोरा दिला. काकी तेव्हा गवार मोडत होत्या.

"खय जातली?" त्या म्हणाल्या.

त्या मुलीला उत्तर सुचलं नाही. माहेर, असं कुणीतरी पुटपुटलं. काकींनी नुसतं तिच्याकडे पाहिलं. शेवंतालाही त्या वाईट म्हणत नसत, हे मला नंतर लक्षात आलं. आम्ही ज्या उत्साहानं शेवंताला नावं ठेवायचो आणि त्याच उत्साहानं तिची साडी बघायचो, त्यातलं काहीच त्यांच्यात नव्हतं. त्यांच्या लेखी त्या घरात एकच माणूस असा होता ज्याला हवं तिथे जाता येत होतं, आणि बाकीची सगळी त्याच्या पायांच्या आवाजाकडे कान देऊन बसलेली होती.

हे पर्व फार लांबलं, यात शंका नाही. आठवड्याला इतके भाग द्यायचे म्हणजे एका दचकण्याला चार दिवस पुरवावं लागतं, आणि भीती काही फोडणीच्या वरणासारखी पाणी घालून वाढवता येत नाही. मधले काही आठवडे मी नुसते सवयीनं पाहिले. कुणी दारामागे उभं आहे, संगीत वाढतंय, आणि दार उघडलं तर पांडू. हे एकदा चालतं. पुढे २०२१ मध्ये तिसरं पर्व आलं, त्यात अण्णा आणि शेवंता भुतं होऊन परतली. डब्याची जुनी मागणी अखेर पुरी झाली म्हणायची. मला त्यात काही सापडलं नाही. जिवंत अण्णा एका हाकेनं घर गोठवत होते. मेलेल्या अण्णांना त्यासाठी धूर लागत होता.

दुसरं पर्व चालू असतानाच २०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, मालिकांची शूटिंगं थांबली आणि आमचा डबा संपला. मी घरून काम करू लागले. त्या हिरव्या गवारीच्या शेंगा, तिळगुळ, भांडणं, सगळं एका दिवसात गेलं. १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतल्या माणसांसाठी गाड्या सुरू झाल्या तेव्हा काकी पुन्हा जाऊ लागल्या. फोनवर म्हणाल्या, डब्यात आपण दोघी-तिघीच असतो, बाकावर आडवं झालं तरी चालेल, पण झोप लागत नाही. इस्पितळातलं त्या काही सांगत नसत. मी विचारायचे, जेवण करता का वेळेवर; त्या म्हणायच्या, "करतंय गो."

ऑगस्टच्या शेवटी दुसरं पर्व संपलं. दीड वर्षाहून जास्त चाललेली गोष्ट जिथून सुरू झाली होती तिथे जाऊन टेकली. अण्णांचा शेवट जवळ येत गेला तसे ते भिऊ लागले होते. ज्यांचा जीव घेतला ती माणसं त्यांना दिसू लागली होती. अभ्यंकरांनी तो ढासळत जाणारा माणूस असा उभा केला की माझा श्वास अडकला. ज्याच्या पावलाला सगळं घर घाबरत होतं, तो आता कोपऱ्यातल्या अंधाराला घाबरत होता. भाग संपला आणि मला कुणाशीतरी बोलावंसं वाटलं. एरवी सकाळी गाडीत बोललो असतो. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. काकींची रात्रपाळी असते हे ठाऊक होतं, म्हणून फोन केला.

त्यांनी उचलला. मागे कुठेतरी कसलंसं यंत्र टिकटिकत होतं. त्यांनी अर्थात भाग पाहिला नव्हता. मी त्यांना सांगत सुटले: अण्णा कसे दिसत होते, डोळे कसे झाले होते, आवाज कसा बसला होता, कोण कोण दिसलं त्यांना. काकी हूं हूं करत ऐकत होत्या. माझं सांगून झालं तेव्हा क्षणभर नुसती ती टिकटिक ऐकू आली.

"आणि माई?" त्यांनी विचारलं. "माई काय करी होती?"

मी आठवू लागले. माई होती पडद्यावर, नक्की होती. कुठे उभी होती, काय करत होती, चेहरा कसा होता, मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. काकी तिकडे थांबल्या होत्या.